शेवटची सोळा घरं

आमच्या गल्लीच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणी ना कोणी निवृत्त माणूस आपल्या नोकरीविषयी लिहितो. गेल्या वर्षी पोस्टमन मामांनी लिहिलं, त्याच्या आदल्या वर्षी कंडक्टर काकांनी. यंदा अंकाचं काम बघणारे काका माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, "काका, माझी नोकरी दोन वर्षांची, तीसुद्धा कॉलेज सुटल्यावर अर्धा दिवस. मी काय लिहू?"

"तू त्या लॅपटॉपसमोर बसून करतीस काय, हे अख्ख्या गल्लीत कुणाला ठाऊक न्हाय," काका म्हणाले. "तेवढं जरी सांगिटलंस तरी लई झालं."

म्हणून तेवढंच लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही वडगावचे. घरात पुढच्या खोलीत चार यंत्रमाग आहेत आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. आमच्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना शहापुरात एका सरांकडे कामाला लागले. सर पूर्वी मच्छे गावातल्या एका कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती बघायचे. आता सुताच्या दुकानावरच्या एका खोलीत ते मागांसाठी 'काठाचा डबा' तयार करतात. साडीच्या काठावर नक्षी काढायची तर कुठला उभा धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे प्रत्येक आडव्या धाग्याला मागाला सांगावं लागतं. पूर्वी ते पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून सांगितलं जायचं. सरांच्या डब्याला ते एका फाईलमधून कळतं. डब्यात धागे उचलणारे एकशेवीस हुक असतात. फाईलच्या प्रत्येक ओळीत एकशेवीस घरं. घरात खूण असेल तर तो हुक वर जातो, घर रिकामं असेल तर खाली राहतो. नक्षीवरून ती फाईल तयार करणारे प्रोग्रॅम लिहिणं आणि गिऱ्हाइकांच्या फाईली दुरुस्त करणं हे माझं काम.

हे सगळं ज्यात लिहायचं त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. अर्ज किंवा पत्र लिहायचं सॉफ्टवेअर वेगळं. पहिल्या आठवड्यात मला तो फरकच माहीत नव्हता. मी एक अख्खा प्रोग्रॅम पत्रं लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मोठ्या अक्षरांत, मथळा ठळक करून लिहिला आणि सरांना दाखवला. प्रोग्रॅम चालेना, कारण त्या सॉफ्टवेअरनं माझी साधी सरळ अवतरणचिन्हं स्वतःच्या आवडीनं वळणदार करून टाकली होती. सर कन्नड घरातले. मराठी चांगलं बोलतात, पण हसू आलं की कन्नडवर जातात. "अय्यो, येनम्मा हे? लग्नपत्रिका छापायला घेतलीस काय?"

मग त्यांनी मला त्यांचा एडिटर दिला. काळा पडदा, त्यावर अक्षरं, बाकी काही नाही. माउस चालत नाही. सगळं बोटांनी. लिहायचं असेल तेव्हा एक बटण दाबायचं आणि लिहिणं थांबवून हुकूम द्यायचा असेल तर डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण. ते दिवसातून किती वेळा दाबते याचा हिशेब नाही. पहिल्या दिवशी त्यातून बाहेर कसं पडायचं तेच कळेना, शेवटी मी लॅपटॉपच बंद केला. पण महिनाभरात हात बसला. एडिटरांची नावं इथे मुद्दाम लिहीत नाही. प्रोग्रॅमर लोक एडिटरवरून ज्या जोरानं भांडतात तेवढ्या जोरानं आमच्या गल्लीत नळाच्या पाण्यावरूनही कोणी भांडत नाही.

घरी मात्र माझं काम कोणाला काम वाटायचं नाही. आमच्या घरात कामाला आवाज असतो. माग चालू आहे म्हणजे काम चालू आहे. माझ्या कामाला आवाजच नाही. पाहुण्यांनी विचारलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "रूपा कॉम्प्युटरवर बसती." त्या 'बसती'चं मला वाईट वाटायचं.

तरीही खंडेनवमीला, घरातल्या हत्यारांची पूजा होते तेव्हा, आईनं स्वतःहून लॅपटॉप मागितला. मी आत पाणी आणायला गेले होते. आईनं चारी मागांना हळदकुंकू लावलं, धोट्याला लावलं, कात्रीला लावलं आणि लॅपटॉप उघडून त्याच्या बटणांवरही लावलं. मी आले तेव्हा तिची ओली बोटं वरच्या डाव्या कोपऱ्यावर होती.

"आई, तिथं कशाला?"

"मग कुठं? कपाळ वरच असतंय की!"

तिचा भाव बघून मी ते पुसलं नाही. पण संध्याकाळपर्यंत कुंकवाचा चिखल वाळला आणि एस्केपचं बटण खाली गेलं ते वर येईना. नेमकं तेच बटण. सरांच्या एडिटरमध्ये त्यावाचून पाऊल टाकता येत नाही.

सरांना सांगायची मला लाज वाटली. काय सांगणार, आईनं बटणाला कुंकू लावलं म्हणून? मी कॉलेजातल्या श्वेताला सांगितलं. तिला हसू आवरेना. "आणि अजून त्या काळ्या पडद्यावर लिहितेस? आजीबाई आहेस का गं?" तिनं मला तिचा एडिटर दिला. रंगीत, सुंदर, डावीकडे फाईलींची यादी, चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मी पाण्याचा तांब्या भरून यायची. पण एकदा उघडला की छान वाटायचं. श्वेतानं तिच्या सेटिंग्जची फाईलही पेन ड्राइव्हवर दिली. "ही टाक. सेव्ह केलंस की सगळं आपोआप नीटनेटकं होतं. तुला काही बघावंच लागणार नाही."

मी ती टाकली. काय काय नीटनेटकं होतं, ते वाचलं नाही.

त्याच सुमारास निपाणीहून मालनआक्का म्हणून एक बाई सरांकडे आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याचा वीतभर तुकडा आणला होता. करवतीसारख्या दातांचा काठ, आत कुयऱ्या. तस्साच काठ त्यांना मुलीच्या लग्नातल्या साड्यांना हवा होता. मी म्हटलं, "आक्का, आधी याचा आलेख काढावा लागेल, एक एक घर मोजून."

"कशाला मोजतीस? कॉम्प्युटरला दाव की," त्या म्हणाल्या आणि तुकडा खरोखरच माझ्या लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरला. थोडा वेळ धरून म्हणाल्या, "दिसला का गं त्याला?"

आलेख शेवटी मीच काढला, आणि मला तो लई आवडला. सर म्हणाले, काम मोठं आहे, कोणाच्या तरी मागावर आपला डबा बसवून विणायला हवं. मी घाबरत घाबरत आप्पांना विचारलं. आप्पा दोन दिवस मागांचा हिशेब मांडत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दाराजवळचा माग घे. पण ह्यो एकच. नीट चाललं तर ठेवतो. न्हाय तर डबा काढायचा आणि परत तो विषय माझ्यासमोर काढायचा न्हाय." एक माग थांबवणं म्हणजे घराचं एक चाक थांबवणं. ते त्यांनी माझ्यासाठी थांबवलं होतं.

मागांची दुरुस्ती करणाऱ्या मेस्त्रींनी डबा बसवला. आलेखावरून प्रोग्रॅमनं काढलेली फाईल जशीच्या तशी डब्याला दिली आणि पहिल्या दिवशी काठ सुरेख उतरला. मालनआक्कांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "सगळं झ्याक हाय, पण कुयरीची चोच आमच्या आईच्या लुगड्यात जरा आत हाय बघ." चार ओळींचा बदल. मंगळवारी सकाळी मी श्वेताच्या एडिटरमध्ये फाईल उघडली, चार ओळी बदलल्या, सेव्ह केली, पेन ड्राइव्ह डब्याला लावला आणि कॉलेजला गेले.

दुपारी घरी आले तर गल्लीच्या तोंडाशीच लक्षात आलं, दाराजवळच्या मागाचा आवाज येत नाही. बाकीचे तिन्ही चालू होते. आप्पा त्या मागाजवळ मांडीवर कापड घेऊन बसले होते.

"हात लाव," ते म्हणाले.

मी काठावरून हात फिरवला. आतल्या कुयऱ्या ठीक होत्या. पण बाहेरच्या कडेला, जिथं करवतीचे दात हवे होते, तिथं धागे सुटे, लोंबते, बोटाला अडकत होते. तीन हात कापड तसं गेलं होतं.

आता लिहिताना वाईट वाटतं, पण खरं ते सांगते. मी पहिलं वाक्य बोलले ते असं, "आप्पा, मागातच काहीतरी असेल. फाईल बरोबर आहे."

आप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कापड घडी करून बाजूला ठेवलं. "माग हितं माझ्या लग्नाच्या आधीपासनं हाय," एवढंच म्हणाले. मग उठता उठता, "गुरुवारी मेस्त्री येतोय दुसऱ्या कामाला. त्याला सांगतो डबा उतरवायला. तोवर तुला काय बघायचं ते बघ."

सरांना फोन केला तर ते धारवाडला, बहिणीकडे, शुक्रवारी येणार. "हुकाला तेल घालून बघ, वायर हलवून बघ," असं त्यांनी सांगितलं. सगळं केलं. सगळे हुक एक एक करून चालवले, ते ठीक होते. म्हणजे माग ठीक आणि डबाही ठीक. उरली माझी फाईल. ती मी पडद्यावर दहा वेळा बघितली. काठ पडद्यावर अगदी देखणा दिसत होता. दातसुद्धा जागच्या जागी.

बुधवारी कॉलेजला गेले नाही. लॅपटॉपसमोर बसले होते. दुपारी जेवून आप्पा आले आणि माझ्या शेजारी खाली बसले. लॅपटॉपसमोर ते त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

"हे काय, हीच नक्षी?"

"हो. ही एक ओळ म्हणजे एक आडवा धागा."

"एका वळीत किती घरं?"

"एकशेवीस."

"मोज."

"आप्पा, मोजायचं काय त्यात, दिसतंय की."

"मला दिसत न्हाय म्हणून सांगतोय. मोज."

मी दोन दातांच्या मधली एक ओळ घेतली. आप्पांनी चष्मा पुसला, आलेखाची पेन्सिल कानावरून काढली आणि तिचं मागचं टोक पडद्यावर टेकवलं. दहा दहा घरांवर थांबत आम्ही मोजत गेलो. शंभर. एकशे चार. तिथं शेवटची खूण होती.

"आता पुढं?"

"पुढं रिकामी घरं. सोळा."

"कुठं हायत?"

"ही काय..." मी म्हटलं आणि कर्सर ओळीच्या टोकाला न्यायचं बटण दाबलं. कर्सर एकशेचारच्या पुढं गेलाच नाही. पुन्हा दाबलं. तिथंच. पडद्यावर शेवटची सोळा घरं आहेत असं मला वाटत होतं, पण ती नव्हतीच. रिकामी घरं आणि नसलेली घरं डोळ्यांना सारखीच दिसत होती.

आप्पांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. "पत्त्यावर काम करायचो तवा एखाद्या पत्त्याच्या टोकाला भोकंच नसायची," ते म्हणाले. "तरी तेवढा पुठ्ठा कोण कापून टाकत नव्हतं. भोक नसलं म्हणजे धागा खाली ठेव, असा त्यो बी हुकूमच की. पुठ्ठाच न्हाय म्हटल्यावर मागानं काय समजायचं?"

मला एकदम सगळं कळलं. श्वेताच्या सेटिंग्जमध्ये एक ओळ होती, सेव्ह करताना प्रत्येक ओळीच्या शेवटची रिकामी जागा काढून टाकायची. प्रोग्रॅम लिहिताना ती सोय चांगलीच, तिथं शेवटच्या रिकाम्या जागेला काही अर्थ नसतो. श्वेताचं त्यात काहीच चुकलं नव्हतं. पण माझ्या फाईलमध्ये रिकामी जागा हा हुकूम होता. मी चार ओळी बदलल्या आणि एडिटरनं मला न विचारता शेकडो ओळींची शेपटं छाटली. ओळ मध्येच संपली की डबा पुढच्या हुकांना नवं काही सांगत नाही, ते आधीच्या धाग्याला होते तसेच वर राहतात. म्हणून कडेचे धागे बांधलेच जात नव्हते.

"आप्पा," मी म्हटलं, "माग बरोबर होता."

"ते मला ठाऊक हाय," आप्पा म्हणाले. "तुझं काय चुकलं ते तुला घावलं का?"

"घावलं."

"मग बसून काय राहिलीस?"

दुरुस्ती करायला तासभरही लागला नाही. प्रत्येक ओळ पुन्हा एकशेवीस घरांची करणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पण नुसतं तेवढं करून माझं समाधान होईना. उद्या दुसऱ्या कोणी, दुसऱ्या एडिटरमध्ये फाईल उघडली तर पुन्हा तेच होणार. तेव्हा आप्पांचा जुना आलेख आठवला. आजोबांनी त्यांना सवय लावली होती, ओळीचं शेवटचं घर रिकामं असेल तर त्यात पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचं, म्हणजे पत्त्याला भोकं पाडणारा अलीकडेच थांबत नाही. मी प्रत्येक रिकाम्या घरात टिंबच लिहिलं. खुणेशिवाय दुसरं काहीही दिसलं तर हुक खालीच ठेवायचा, असं सरांनी डब्याला आधीच शिकवून ठेवलं होतं. त्यामुळे डब्यात काही बदलावं लागलं नाही. टिंब कुठलाही एडिटर छाटत नाही. सर शुक्रवारी आले, सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "इष्टू, इतक्या वर्षांत मला का सुचलं नाही हे?" आता शहापुरातल्या आमच्या सगळ्या फाईली टिंबांच्याच असतात.

कुंकवाचं बटणही सरांनीच उकलून साफ करून दिलं. मी सगळी खरी गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या घरी आईनं रेडिओच्या जाळीला गंध लावला होता. आवाज बसला तो बसलाच."

आता कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं मला विचारतात, "आक्का, मोठं काम करायचं तर कुठला एडिटर घेऊ?" त्यांना वाटतं मी नाव सांगीन. मी सांगते, जो हवा तो घे, पण आधी एक फाईल कर. तिच्यात ओळींच्या शेवटी रिकामी जागा सोड, सेव्ह कर, बंद कर, परत उघड आणि मोज. आहे तशी राहिली का बघ. नसेल राहिली तर कुठल्या सेटिंगनं ते केलं हे सापडेपर्यंत त्या एडिटरवर खरं काम करू नको. दुसऱ्याच्या सेटिंग्ज घ्यायला हरकत नाही, पण एक एक ओळ वाचून घ्यायच्या. आणि रिकामी जागा बारीक ठिपक्यांनी दाखवायची सोय बहुतेक एडिटरांत असते, ती चालू ठेवायची. मी स्वतः दोन्ही वापरते. प्रोग्रॅम श्वेताच्या एडिटरमध्ये, नक्षीच्या फाईली सरांच्या काळ्या पडद्यावर. मुलांना हे उत्तर फारसं आवडत नाही. त्यांना एकच नाव हवं असतं. मलाही तेव्हा हवं होतं.

ते तीन हात वाया गेलेलं कापड आईनं शिवून लॅपटॉपची पिशवी केली आहे. सुटे धागे अजून बोटाला अडकतात. मी ते कापत नाही.

गुरुवारचं मात्र सांगायचं राहिलं. सकाळी मी कॉलेजच्या कपड्यांतच मागाजवळ उभी होते. आप्पांनी पेन ड्राइव्ह स्वतः डब्याला लावला आणि माग चालू केला. वीतभर कापड खाली आल्यावर आप्पांनी माग थांबवला, काठाखाली हात घातला आणि डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं. एकदा. मग उलट्या बाजूनं पुन्हा एकदा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण त्यावरून काही कळेना. त्यांनी माग पुन्हा चालू केला.

तेवढ्यात मेस्त्री पाना-पक्कड घेऊन दारात आले. आवाजात मोठ्यानं बोलावं लागतं म्हणून ओरडून म्हणाले, "आप्पा, ह्योच डबा काढायचा न्हवं?"

"कोण म्हणालं तुला?" आप्पाही तितक्याच मोठ्यानं म्हणाले.

"मंगळवारी तुम्हीच की वो!"

"मंगळवार गेला." आप्पांनी मागावरची नजर काढली नाही. "त्या शेजारच्या मागाचं बीमवरचं सूत सोमवारी संपतंय. त्यावर असला डबा कुठं बसंल ते बघून घे. आणि माप रूपाला इचार. ते काम तिचं हाय."